राजा तंबूत, नायडू मैदानात : होळकर क्रिकेट संघाची चौदा वर्षे

१/
कोल्हापुरात क्रिकेटच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणे ४४३ या आकड्यापाशी येऊन थांबते. डिसेंबर १९४८, पुण्यातील पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम गाठायला नऊ धावा उरलेल्या असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. ही कथा आपण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. आजचा धागा मात्र त्याच निंबाळकरांच्या दुसऱ्या एका खेळीपासून सुरू करतो. तिच्याविषयी आपल्या गावातही फारसे कुणी बोलत नाही.

२/
मार्च १९४६, इंदूर. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात होळकर संघाची म्हैसूरशी गाठ पडली. होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. या एका डावात सहा फलंदाजांनी शतके काढली : कमल भांडारकर १४२, चंदू सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंग १००. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात सहा शतके तोवर कधी झालेली नव्हती. म्हैसूरच्या गरुडाचार यांनी चार बळी घेतले खरे, पण त्यासाठी ३०१ धावा मोजल्या. त्या बिचाऱ्या गोलंदाजाच्या बोटांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सहा शतकांत सर्वांत मोठे शतक आपल्या कोल्हापूरकराचे होते.

३/
प्रश्न असा पडतो की इंदूरसारख्या संस्थानात एवढे फलंदाज एकाच वेळी कोठून आले? १९४१च्या सुमारास होळकरांच्या सगळ्या मुलखाची लोकसंख्या साधारण १५ लाख होती. जवळपास तेवढीच माणसे तेव्हा एकट्या मुंबई शहरात राहत होती. मुंबईत जिमखाने होते, महाविद्यालयांचे सामने होते, मैदानांवर उन्हातान्हात खेळणारी शेकडो पोरे होती. इंदूरजवळ यातले फार थोडे होते. तरीही १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांपैकी दहा हंगामांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातला एक संघ होळकरांचा होता. चार वेळा त्यांनी करंडक जिंकला, सहा वेळा ते उपविजेते ठरले. संघाचे एकूण आयुष्य अवघे चौदा हंगामांचे.

एखाद्या लहानशा बेट-देशाने क्रिकेटमधील बलाढ्य राष्ट्रांना पाणी पाजावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की हे ‘बेट’ माळव्याच्या काळ्या मातीत होते.

४/
थोडी पार्श्वभूमी. रणजी करंडक १९३४ साली सुरू झाला. त्यात ब्रिटिश प्रांतांचे संघ होते, तसे संस्थानांचेही होते. नवानगर हे काठियावाडातले लहानसे संस्थान १९३६-३७ साली पहिल्यांदाच स्वतंत्र संघ म्हणून उतरले आणि त्याच वर्षी करंडक घेऊन गेले. बडोद्याच्या गायकवाडांचा संघ १९४२-४३ साली जिंकला. म्हणजे एखाद्या संस्थानाने मनावर घेतले तर मोठ्या प्रांतांना हरवता येते, हे होळकरांच्या आधीच सिद्ध झाले होते. पण नवानगरचे यश एका झुळुकीसारखे आले नि गेले. होळकरांचे तसे झाले नाही, आणि यामागचे कारण शोधण्यासारखे आहे.

५/
संस्थानिक आणि क्रिकेट यांचे नाते त्या काळी दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार : राजाच मैदानात उतरे, आणि राजा म्हटला की कर्णधारपद ओघानेच आले. १९३२ साली हिंदुस्थानचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा कर्णधार पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. सुदैवाने लॉर्ड्सवरच्या कसोटीत दोघांनीही बाजूला राहण्याचा शहाणपणा दाखवला आणि नेतृत्व सी. के. नायडूंकडे आले. १९३६ साली तेवढा शहाणपणा दिसला नाही. विजयानगरमचे महाराजकुमार अर्थात ‘विझी’ कर्णधार होऊन गेले आणि लाला अमरनाथसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यावर बोटीत बसवून घरी पाठवण्यात आले.

दुसरा प्रकार : राजा पैसा देई, खेळाडू पोशी आणि सामना चालू असताना तंबूत बसे. होळकर या दुसऱ्या प्रकारात मोडतात. माझ्या मते त्यांच्या उदयाचे मूळ येथेच आहे.

६/
सुरुवात संघ जन्मण्याच्या बरीच आधी होते. १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या एका तरुण फलंदाजाला इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. हा तरुण म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२६मध्ये, मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्याने १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळावा की नाही, या चर्चेत त्या दिवसाचा उल्लेख पुढे वारंवार होत राहिला.

गंमत अशी की नायडूंना आणणारे तुकोजीराव त्याच वर्षी गादीवरून पायउतार झाले होते. मुमताज बेगम आणि मुंबईतील बावला खून प्रकरण हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, येथे त्यात शिरत नाही. गादीवर त्यांचे अल्पवयीन पुत्र यशवंतराव (दुसरे) आले आणि १९३० साली त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

७/
यशवंतरावांना आज जग ओळखते ते माणिकबाग राजवाड्यासाठी. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी तो आधुनिक शैलीत सजवून घेतला आणि ब्रांकुशीची शिल्पे विकत घेतली. माणूस जाणकार होता. ज्याचे काम त्याने करावे, ही त्यांची वृत्ती क्रिकेटमध्येही दिसते. संघ त्यांच्या घराण्याच्या नावाने खेळला, पण संघाचे नेतृत्व करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. ते काम नायडूंचे होते.

८/
आता मुख्य मुद्दा : चाकरी.

त्या काळात हिंदुस्थानात क्रिकेट खेळून पोट भरत नसे. सामन्याचे मानधन नव्हते, कंत्राटे नव्हती. मुंबईचा खेळाडू बँकेत किंवा कंपनीत नोकरी करी आणि शनिवार-रविवारी खेळे. बाहेरगावच्या गुणी पोराला तोही मार्ग नव्हता. होळकर दरबाराने हीच नड ओळखली. खेळाडूला सैन्यात हुद्दा मिळे, पगार मिळे आणि सरावाला वेळ मिळे. जुन्या धावफलकांत ‘कॅप्टन मुश्ताक अली’ असे नाव दिसते तेव्हा नवख्या वाचकाला ते संघाचे कर्णधारपद वाटते. वास्तविक तो होळकरांच्या फौजेतला हुद्दा आहे. सी. के. नायडूंच्या नावामागचे ‘कर्नल’ही असेच.

पेशवाईत शिलेदार-बारगीर ठेवत, तसे विसाव्या शतकात हे बॅट घेतलेले शिलेदार. तुलना थोडी ओढून आणलेली आहे हे मान्य, पण अगदीच चुकीची नाही.

९/
१९३४पासून इंदूरचे खेळाडू ‘मध्य हिंदुस्थान’ या संघातून रणजी खेळत होते. १९४१-४२पासून ‘होळकर’ हे नाव आले. या नावाखाली जमलेली मंडळी पाहा. नायडू मूळचे तेलुगू घराण्यातले, पण नागपुरात वाढलेले. मुश्ताक अली इंदूरचेच. १९३६ साली मँचेस्टरला शतक काढून परदेशात कसोटी शतक करणारे पहिले हिंदी फलंदाज. चंदू सरवटे सागरचे मराठी कुटुंबातले. १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध शूट बॅनर्जींसह शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी करणारे ते हेच. डावखुरा गोलंदाज हिरालाल गायकवाड नागपूरचा. माधवसिंह जगदाळे, खंडू रांगणेकर, नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू, आणि आपले निंबाळकर.

कुणीही मैसूरचा-मुंबईचा, हिंदू-मुसलमान असा हिशेब येथे लावलेला दिसत नाही. त्याच वर्षांत मुंबईत पंचरंगी सामने धर्मावर बेतलेल्या संघांत होत होते. तेथे नायडू हिंदूंकडून आणि मुश्ताक मुसलमानांकडून समोरासमोर उभे राहत, आणि इंदूरला परतल्यावर एकाच संघात खेळत.

१०/
१९४४-४५चा अंतिम सामना, मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम. होळकर पहिल्यांदाच अंतिम फेरीत. आकडे ऐका : मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. एकूण २,०७८ धावा. एका प्रथम श्रेणी सामन्यात तोवर एवढ्या धावा झाल्या नव्हत्या. मुंबईच्या विजय मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ काढल्या. सी. एस. नायडूंनी या सामन्यात ९१७ चेंडू टाकले आणि ११ बळी घेतले. एका सामन्यात एका माणसाने ९१७ चेंडू! आजच्या गोलंदाजांच्या व्यवस्थापकांना हे सांगितले तर त्यांना घेरी येईल.

होळकरांसमोर विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य होते. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०९ आणि १३९. दुसऱ्या टोकाला एक गोरा सोजीर नाबाद २४९ धावा काढून उभा राहिला. तरीही होळकर ३७४ धावांनी हरले.

११/
हा सोजीर म्हणजे डेनिस कॉम्प्टन. महायुद्धामुळे इंग्लंडचा हा अव्वल फलंदाज इंदूरजवळच्या महू छावणीत सार्जंट म्हणून येऊन पडला होता. होळकरांनी त्याला संघात घेतले नसते तरच नवल.

कॉम्प्टन पुढे एक किस्सा सांगत. अंतिम सामन्याआधी इंदूरच्या एका धनिक व्यापाऱ्याने त्यांना शंभरानंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख बक्षीस कबूल केले. नाबाद २४९ करून कॉम्प्टन मनातल्या मनात हिशेब करीत तंबूत आले, तर तेथे शेटजींची चिठ्ठी : तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागत आहे, क्षमस्व! किस्सा खुद्द कॉम्प्टन यांचा असल्याने त्यात मीठमसाला किती हे ताडणे अवघड. मात्र त्यातून एक गोष्ट कळते. गिरण्यांच्या त्या शहरात क्रिकेट केवळ राजवाड्यापुरते राहिले नव्हते, बाजारपेठेलाही त्याचे वेड लागले होते.

१२/
पुढच्याच वर्षी करंडक इंदूरला आला. म्हैसूरला ९१२ धावांखाली गाडून झाल्यावर अंतिम सामन्यात समोर बडोदा होते. नायडूंनी पन्नाशी ओलांडली होती, आणि त्यांनी २०० धावा काढल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. होळकर विरुद्ध गायकवाड! अठराव्या शतकातील मराठा मंडळातली दोन घराणी विसाव्या शतकात बावीस यार्डांच्या पट्टीवर एकमेकांना भिडत होती. १९४५-४६, १९४६-४७ आणि १९४९-५० अशा तीन वर्षी अंतिम सामना याच दोघांत झाला. यांपैकी पहिलाच सामना होळकरांनी जिंकला, नंतरचे दोन्ही गायकवाडांनी. बडोद्याचा कित्ता होळकरांसारखाच होता. दरबाराची नोकरी देऊन चांगले खेळाडू आणणे.

१३/
मार्च १९४७चा अंतिम सामना होळकरांच्या दृष्टीने विसरण्याजोगा आणि क्रिकेटच्या दृष्टीने अविस्मरणीय. होळकर पहिल्या डावात २०२ धावांत गारद. मग बडोद्याकडून विजय हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा काढत चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. बडोदा ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३, आणि एक डाव ४०९ धावांनी पराभव.

हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. गुल महंमद लाहोरचे. पंजाब पेटलेला असताना हे दोघे बडोद्यात एकमेकांसाठी धावा पळत होते. पाच महिन्यांत फाळणी झाली, आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. ५७७चा विश्वविक्रम ५९ वर्षे टिकला. जुलै २००६मध्ये कोलंबोत तो मोडला कुणी, तर संगकारा आणि जयवर्धने यांनी, ६२४ धावांची भागी करून. म्हणजे एका बेटावरच्या संघाने.

१४/
हजारे यांचा उल्लेख आला आहे, तर कोल्हापूरचा आणखी एक धागा येथे जोडतो. हजारे यांना उमेदीच्या काळात ज्या संस्थानिकाचा आधार मिळाला ते देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार. ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हिंदुस्थानात आला असताना हजारे यांना त्याचे मार्गदर्शन लाभले, तेही याच काळात. हेच विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

माळवा आणि करवीर यांच्यातली ही ये-जा राजघराण्यांची होती तशी खेळाडूंचीही होती. भाषा एक, सोयरिकी जुन्या, आणि नोकरी जेथे मिळेल ते गाव आपले.

१५/
१९४७-४८ साली होळकरांनी अंतिम सामन्यात मुंबईला नमवले. तीन वर्षांपूर्वीच्या त्या २,०७८ धावांच्या सामन्याचा हिशेब पुरा झाला. पण ज्या राज्याच्या नावाने करंडक जिंकला त्या राज्याचेच दिवस भरले होते. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे नवे राज्य अस्तित्वात आले. होळकर राज्य संपले.

१६/
आणि नेमका पुढचा हंगाम, १९४८-४९, हा अकरांपैकी एकमेव हंगाम, जेव्हा होळकर अंतिम फेरीत पोहोचले नाहीत. त्याच हंगामात निंबाळकर आणि भांडारकर महाराष्ट्राकडून खेळत होते. या योगायोगावर फार भार टाकू नये. पण संघ कोणत्या खांबांवर उभा होता याची कल्पना त्यावरून येते.

पुण्याच्या त्या सामन्यात काठियावाडने २३८ धावा केल्या होत्या. महाराष्ट्राने ४ बाद ८२६. निंबाळकर आणि भांडारकर (२०५) यांची दुसऱ्या गड्याची भागी ४५५ धावांची. इंदुरात म्हैसूरला झोडपणारे हेच दोघे! काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आणखी दोन षटके मिळावीत, विक्रम झाला की डाव घोषित करतो, अशी विनंती महाराष्ट्राकडून झाली असे सांगतात. ठाकोरसाहेबांनी ऐकले नाही. संघ घेऊन ते निघून गेले.

१७/
या प्रसंगाकडे आपण आजवर एका माणसाचा खडूसपणा म्हणून पाहत आलो. मला त्यात वर सांगितलेल्या दोन प्रकारांचा झगडा दिसतो. राजा जेव्हा स्वतः कर्णधार असतो, तेव्हा धावफलकावरचा आकडा त्याच्या घराण्याच्या अब्रूचा आकडा होतो. समोरच्याने ४५३ केल्या तर नाव कायमचे लागणार आपल्याच संघाला, ही बोच खेळाडूपेक्षा संस्थानिकाला अधिक. म्हैसूरच्या संघाने ९१२ धावा होईपर्यंत मैदान सोडले नाही. गरुडाचार ३०१ धावा देऊनही चेंडू टाकत राहिले, आणि नंतर फलंदाजीला येऊन त्यांनी स्वतः शतक काढले.

निंबाळकरांनी दोन्ही जगे अनुभवली. इंदुरात त्यांचा कर्णधार खेळाडू होता. पुण्यात समोरचा कर्णधार राजा होता. त्यांना कधीही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. माझ्या लेखी हा अन्याय त्या हुकलेल्या नऊ धावांहून मोठा आहे.

१८/
राज्य गेले, तरी संघाचे नाव टिकले. ही या कथेतली सर्वांत चमत्कारिक बाब. १९५०-५१ साली गुजरातला आणि १९५२-५३ साली बंगालला हरवून होळकरांनी आणखी दोन करंडक जिंकले. नकाशावर होळकर नावाचे राज्य नव्हते, पण रणजीच्या तक्त्यात होते. चारही विजेतेपदांत कर्णधार एकच, नायडू.

त्यांच्या कडक शिस्तीच्या अनेक कथा आहेत. त्यांतली एक कोल्हापूरकरांना माहीत असावी. १९५१-५२ साली मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला आणि दात तुटले. वय ५६. नायडूंनी मदतीला धावणाऱ्यांना हाताने थोपवले, खेळपट्टी साफ केली आणि पुन्हा पवित्रा घेतला. ओशाळलेल्या फडकरांनी पुढचा चेंडू हळू टाकला, तेव्हा नायडू त्यांच्यावरच चिडले, असे सांगितले जाते. फडकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९२५ सालचा. एकूण काय, आमच्या गावची माणसे होळकरांकडूनही होती आणि होळकरांविरुद्धही.

१९/
१९५४-५५. अंतिम सामना इंदुरात, समोर मद्रास. मद्रास ४७८ आणि ३११, होळकर ४१७ आणि ३२६. अवघ्या ४६ धावांनी पराभव. मद्रासचे ते पहिले रणजी विजेतेपद आणि होळकरांचा तो शेवटचा हंगाम. १९५५-५६पासून संघाचे नाव ‘मध्य भारत’ झाले. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य भारतही विलीन होऊन मध्य प्रदेश झाला आणि संघानेही पुढे तेच नाव घेतले. निंबाळकर राजस्थान आणि रेल्वेकडून खेळले. नायडू तर ६१व्या वर्षी उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते!

इंदूरचा संघ त्यानंतर तब्बल चार दशके अंतिम फेरीत दिसला नाही.

२०/
असे का व्हावे? दरबार गेल्यावर सगळेच संपते असे नाही, आणि याचा पुरावा शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले, मल्लांना खुराक दिला, पदरी ठेवले. पद्धत होळकरांचीच. पण कोल्हापुरात पैलवान दरबारात येण्याआधी पेठेतल्या तालमीत घडत होता. १९४९ साली संस्थान विलीन झाले तरी तालीम जागेवरच राहिली. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ झाले : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. राजाश्रय आटला, पेठेचा आश्रय आटला नाही.

श्रीलंकेचे उदाहरण याच अंगाने पाहावे. १९८१ साली कसोटीचा दर्जा, फेब्रुवारी १९८२मध्ये पहिली कसोटी, १९८५ साली भारताविरुद्ध पहिला कसोटी विजय आणि १७ मार्च १९९६ रोजी लाहोरला विश्वचषक. पंधरा वर्षांत एवढी मजल. पण त्याच्या पायाशी शंभर वर्षांचे शालेय क्रिकेट होते. कोलंबोच्या रॉयल आणि सेंट थॉमस या शाळांचा वार्षिक सामना एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. आधी ते इंग्रजी वळणाच्या घराण्यांचे क्रिकेट होते, मग आनंद, नालंदा यांसारख्या बौद्ध शाळांतून नवी पोरे आली. रणतुंगा आनंदचा, जयवर्धने नालंदाचा. तेथे कुणा एका घराण्याची तिजोरी बंद झाली असती, तरी शाळा सुटली नसती.

होळकरांनी तयार माणसे आणून उत्तम संघ उभारला. पुढची माणसे कोठे तयार होतील, याची तेवढी व्यवस्था केली नाही. नायडू, सरवटे, गायकवाड, निंबाळकर या सगळ्यांचे खेळणे दुसरीकडे सुरू झाले होते. मुश्ताक अलींसारखे इंदुरातच वाढलेले मोजके.

२१/
एक टोचणारा प्रश्न टाळता येत नाही. हा पैसा कुणाचा होता? पगार दरबाराच्या खजिन्यातून जात, आणि खजिना भरे तो प्रजेच्या साऱ्यातून. ज्या वर्षांत इंदुरात शतकांमागून शतके होत होती, त्याच वर्षांत संस्थानी प्रजा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होती. क्रिकेटच्या पुस्तकांत हे येत नाही आणि प्रजामंडळाच्या इतिहासात क्रिकेट येत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचावे, एवढेच म्हणेन. संस्थानिकांच्या इतर शौकांशी तुलना करता क्रिकेटवरचा खर्च बरा ठरतो, पण ‘बरा’ म्हणजे न्याय्य असे नव्हे.

२२/
आता उत्तरार्ध, थोडक्यात. १९९८-९९ साली मध्य प्रदेश संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटककडून हरला. कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. २०१० साली इंदूरच्या उषाराजे ट्रस्टच्या मैदानाला ‘होळकर स्टेडियम’ हे नाव मिळाले. आणि २६ जून २०२२ रोजी त्याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले. प्रशिक्षक पुन्हा पंडितच. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. पाटीदार इंदूरचा, आणि इंदुरातच घडलेला.

रणजी विजेत्यांच्या यादीत मध्य प्रदेशापुढे एकच विजेतेपद लिहिलेले असते. त्याच यादीत थोडे वर, वेगळ्या ओळीत ‘होळकर, ४’ अशी नोंद आहे.

भाऊसाहेब निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरातच वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षे पूर्ण झाली असती. बहुतेक मृत्युलेखांच्या मथळ्यात आकडा एकच होता. त्या यादीतल्या चारच्या आकड्यातही त्यांच्या १७२ धावा आहेत.

पुढचा धागा बडोद्यावर : हजारे, गुल महंमद आणि गायकवाडांची दुसरी बाजू.